हतनूरच्या गाळात चिकणमाती फक्त 12 टक्के? आधी गुठळ्या फोडा

भाऊ, तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यातला गाळ ओव्हनमध्ये 105 अंशांवर वाळवला, कुटला, एक लिटरच्या मोजपात्रात ढवळला आणि अर्ध्या तासात पाणी नितळलं; चिकणमाती 12 टक्केच निघाली, हे पटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. शंका रास्त आहे. चिकणमाती म्हणजे 2 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण, आणि 2 मायक्रॉनचा कण 30 अंशांच्या पाण्यात 10 सेंटीमीटर खाली जायला 6 तास 10 मिनिटांच्या आसपास घेतो. अर्ध्या तासात पाणी स्वच्छ झालं म्हणजे कण सुटे नव्हतेच. तुम्ही मोजल्या त्या गुठळ्या.

आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती मुख्यतः स्मेक्टाइट, म्हणजे पाण्यात फुगणारं खनिज. चुनखडीतलं कॅल्शियम तिचे कण एकमेकांना धरून ठेवतं. त्यात चांगदेवला तापीला मिळणारी पूर्णा खारपाण पट्ट्यातून, म्हणजे खाऱ्या जमिनींतून येते, आणि मीठही कण जमवतं. ओव्हनमध्ये वाळवल्यावर या गुठळ्या इतक्या घट्ट होतात की कुटूनही नीट सुटत नाहीत. म्हणून विश्लेषणासाठी ओलाच गाळ घ्या आणि ओलावा काढायला त्याच नमुन्याचा वेगळा भाग ओव्हनमध्ये ठेवा.

कोरडं वजन 20 ग्रॅम भरेल एवढा ओला गाळ घ्या. सेंद्रिय भाग काढायला हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबाथेंबाने घाला, मोठ्या बीकरमध्येच; मँगनीज असलेला गाळ असा उसळतो की फेसाबरोबर नमुनाही बाहेर जातो. मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी टाका, विद्युतवाहकता (पाण्यात मीठ किती उरलं त्याचं माप) दर सेंटीमीटरला 400 मायक्रोसीमेन्सच्या खाली येईपर्यंत. ही पायरी बहुतेक जण टाळतात, आणि गुठळ्या परत जमतात त्या यामुळेच.

नंतर कण सुटे ठेवायला 33 ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट आणि 7 ग्रॅम सोडियम कार्बोनेट एक लिटरमध्ये विरघळवून केलेलं द्रावण 50 मिली घालून रात्रभर हलवत ठेवा. द्रावण ताजं हवं, जुनं झालं की फॉस्फेट फुटतं आणि त्याचा जोर जातो. 63 मायक्रॉनच्या चाळणीतून ओलंच गाळून वाळू वेगळी करा, बाकीचं मोजपात्रात घेऊन एक लिटर करा. 2 मायक्रॉनचे कण 10 सेंटीमीटर खाली जायची वेळ झाली की त्याच खोलीवरून पिपेटने 20 मिली काढा, वाळवा, वजन करा. त्या 20 मिलीत द्रावणातलं मीठच सुमारे 0.04 ग्रॅम असतं आणि अख्खा नमुना चिकणमातीच असता तरी 0.4 ग्रॅमच आला असता. मीठ वजा केलं नाही तर 50 टक्क्यांचे 60 दिसतात. नुसत्या द्रावणाचं एक मोजपात्र शेजारी ठेवाच.

तक्त्यातली वेळ 20 अंशांची असते, पावणेआठ तास. 35 अंशांना तीच साडेपाच तासांवर येते. मे महिन्यात भुसावळच्या खोलीत तक्ता बघून पिपेट टाकलीत तर चिकणमाती कमी भरणार. मोजपात्रं पाण्याच्या टबात ठेवा, कूलरच्या झोतात किंवा खिडकीच्या उन्हात नको. एका बाजूने तापलं की पाणी आतल्या आत फिरतं आणि कण बसतच नाहीत. बेसॉल्टच्या गाळात जड लोहखनिजं असतात, तेव्हा कणांची घनता 2.65 न धरता घनता-बाटलीने काढा. 2.75 निघाली तर वेळ 6 टक्क्यांनी घटते.

आता नमुन्याबद्दल. बादलीने किंवा जबडा नीट न मिटणाऱ्या ग्रॅबने (तळाचा गाळ चिमटीत उचलणारं साधन) काढलात तर वर येतानाच बारीक भाग धुऊन जातो. पीव्हीसी नळी सरळ दाबून, वर थोडं पाणी राखून, तोंड बंद करून काढा आणि 2 सेंटीमीटरच्या चकत्या करा. प्रत्येक चकतीची कड कापून टाका, नळीला घासून वरचा गाळ खाली ओढला गेलेला असतो. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गाळाला भेगा पडतात, वरची माती त्यांत खोल जाते. थरांचं वय काढायचं असेल तर तिथे नळी ठोकू नका. शेतात किंवा वीटभट्टीला गाळ उचललेले खड्डे आणि दरवाजांजवळचा भागही सोडा, पावसाळ्यात दरवाजे उघडले की तिथला गाळ हलतो. वय काढायला शिसे-210 (गाळात नैसर्गिकपणे येणारं किरणोत्सारी शिसं) वापरा. अणुचाचण्यांतून पडलेल्या सीझियम-137 चं 1963 चं टोक त्यानंतर बांधलेल्या धरणाच्या गाळात मिळायचं नाही.