कोरडी उदासी: ‘थ्री इमॅजिनरी बॉईज’वर लिहिणाऱ्यास पत्र

प्रिय दोस्त,

तुझा खर्डा दोनदा वाचला. द क्युअर या इंग्लिश रॉक बँडच्या पहिल्या अल्बमवर मराठीत कुणीतरी नीट लिहायला हवंच होतं, तेव्हा विषयाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार एवढीच, की लेखाचं नाव ‘थ्री इमॅजिनरी बॉईज’ आणि अर्धाअधिक मजकूर ‘डिसइंटिग्रेशन’ या त्यांच्या नंतरच्या अल्बमचा. दर दोन परिच्छेदांनी तू म्हणतोस, ‘इथे पुढच्या क्युअरची चाहूल लागते.’ ही चाहूल तुला लागते, कारण १९८९ सालचा अल्बम तू आधी ऐकला आहेस. पहिल्या अल्बमला नांदीची भूमिका दिली की तो आपोआप कच्चा ठरतो, आणि मग पुनर्मूल्यांकनाला काही अर्थच उरत नाही.

म्हणून आधी एक कोरा कागद घे आणि वर लिही: अल्बम आला तो दिवस, मे १९७९. खाली फक्त त्या दिवशी माहीत असलेल्या गोष्टी येऊ देत. लंडनच्या दक्षिणेकडच्या क्रॉली गावची तीन पोरं: गिटार आणि गाणं रॉबर्ट स्मिथ, बेस मायकेल डेम्प्सी, ड्रम्स लॉल टोलहर्स्ट. स्मिथला वीस पूर्ण होऊन तीन आठवडेही झालेले नाहीत. डिसेंबर १९७८ मध्ये ‘किलिंग अ‍ॅन अरब’ हे सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची छोटी तबकडी, आलंय, त्याच्या मागच्या बाजूला ‘१०:१५ सॅटर्डे नाइट’. त्याच महिन्यात बीबीसी रेडिओवर जॉन पीलच्या कार्यक्रमात चार गाणी वाजली आहेत. क्रिस पॅरी या निर्मात्याने फिक्शन नावाची नवी रेकॉर्ड कंपनी काढली आहे. बस्स. विस्कटलेले केस, लिपस्टिक, आठ-आठ मिनिटांची गाणी यातलं काहीही अजून अस्तित्वात नाही.

दुसऱ्या कागदावर मे १९७९ ते एप्रिल १९८० या काळात काय बदललं ते लिही. सूझी अँड द बॅन्शीज या बँडचा गिटारवादक दौऱ्याच्या मध्येच सोडून गेला आणि स्मिथने उरलेल्या दौऱ्यात त्यांच्यासाठी गिटार वाजवली. डेम्प्सी बाहेर पडला, सायमन गॅलप आला. कीबोर्डसाठी मॅथ्यू हार्टली आला. ‘सेव्हन्टीन सेकंड्स’ या दुसऱ्या अल्बमच्या निर्मितीत माईक हेजेसच्या जोडीला स्मिथ स्वतः बसला. दुसऱ्या अल्बमचा आवाज घडवणाऱ्या या चारही गोष्टी पहिल्या अल्बमनंतरच्या आहेत. हे दोन कागद शेजारी ठेवलेस की ‘बीज’, ‘चाहूल’, ‘झलक’ हे शब्द आपोआप गळतील.

आता प्रत कुठली ऐकायची ते. इथे बरेच जण फसतात. अमेरिकेत हा अल्बम त्या रूपात आलाच नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये तिथे ‘बॉईज डोन्ट क्राय’ नावाची तबकडी निघाली. तिच्यात या अल्बमची बरीच गाणी घेतली, ‘फॉक्सी लेडी’, ‘मीटहुक’, ‘इट्स नॉट यू’ गाळली आणि ‘बॉईज डोन्ट क्राय’, ‘जम्पिंग समवन एल्सेज ट्रेन’, ‘किलिंग अ‍ॅन अरब’ ही सिंगल्स घुसवली. क्रमही बदलला. तू खर्ड्यात ‘बॉईज डोन्ट क्राय’ हे अल्बमचं सर्वांत चांगलं गाणं म्हटलं आहेस. ते या अल्बमवर नाहीच. स्ट्रीमिंगवर दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात, शिवाय २००४ ची दोन डिस्कची आवृत्तीही असते, आणि ती लावली की मूळ अल्बम संपल्यावर न थांबता डेमो, म्हणजे गाण्यांची कच्ची ध्वनिमुद्रणं, सुरू होतात. तेव्हा तेरा ट्रॅकची वेगळी यादी बनव: ‘१०:१५ सॅटर्डे नाइट’ने सुरुवात, ‘सबवे साँग’वर पहिली बाजू संपते, ‘फॉक्सी लेडी’ने दुसरी उघडते, आणि शीर्षकगीतानंतर ‘द वीडी बर्टन’ हा मिनिटभराचा, मूळ वेष्टनावर नोंद नसलेला वाद्यतुकडा. सगळं मिळून पस्तीसेक मिनिटं. सहाव्या ट्रॅकनंतर उठून पाणी पिऊन ये. तबकडी उलटायला लागणारा तो वेळ रचनेचा भाग आहे. ‘सबवे साँग’ किंकाळीवर संपतं आणि त्यानंतर शांतता हवी. लगेच ‘फॉक्सी लेडी’ सुरू झालं तर किंकाळी वाया जाते.

जुनी प्रत आणि रीमास्टर (मूळ मुद्रणाचा आवाज नव्याने बसवलेली प्रत) यांची तुलना करायची असेल तर आवाजाची पातळी आधी सारखी कर. १ डेसिबलचा फरकसुद्धा कानाला ‘मोठा’ असा जाणवत नाही, ‘जास्त चांगला’ असा जाणवतो. त्यामुळे पातळी न जुळवता लिहिलेलं ‘रीमास्टरमध्ये जान आली’ हे वाक्य कवडीमोलाचं असतं.

पहिल्या ऐकण्यात काही लिहू नकोस. दुसऱ्या वेळी फक्त वेळ टिपून ठेव: कुठे नवं वाद्य आलं, कुठे काढून घेतलं. तिसऱ्यांदा फक्त बेस. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लो-पास (वरचे सूर कापणारा) फिल्टर ३५० हर्ट्झच्या आसपास लावलास की चार तारांच्या बेसचे मूळ स्वर उरतात, गिटारची धार जाते. ड्रमचा खालचा ठोका राहील, तो राहू दे. आजकाल वाद्यं वेगळी करून देणारी सॉफ्टवेअर मिळतात, पण या रेकॉर्डवर ती जपून वापर. इथली गिटार इतकी पातळ आणि खरखरीत आहे की तिचा वरचा भाग ही सॉफ्टवेअर हाय-हॅटमध्ये (ड्रमच्या संचातल्या झांजांच्या जोडीत) ढकलतात. सूर शोधायला ठीक, पण वेगळ्या केलेल्या ट्रॅकवरून गिटारच्या आवाजाबद्दल मत देऊ नकोस.

बेस वेगळा ऐकलास की तुझं एक विधान तुलाच खोडावं लागेल. तू लिहितोस, ‘बेस अजून साधा आहे.’ उलट आहे. डेम्प्सीचा बेस हिंडता-फिरता आहे, गिटारने सोडलेल्या जागेत तो चाल बांधतो. गॅलप आल्यावर बेस जास्त साधा झाला, त्याच-त्या चार-सहा स्वरांवर घट्ट बसला, आणि तोच क्युअरचा बेस म्हणून लोकांना ठाऊक आहे. म्हणजे पहिल्या अल्बममध्ये असं काही आहे जे पुढे वाढलं नाही, तुटलं. लेखात याला जागा दे. नांदीच्या दृष्टीने बघणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि यासाठी निम्मा लेख राखून ठेव. ही उदासी कोरडी आहे. आपल्याकडे गाण्यामागे तानपुरा असतो, त्यामुळे गायक थांबला तरी पोकळी पडत नाही. पुढच्या क्युअरमध्ये कीबोर्ड आणि लांब रेव्हर्ब (आवाजामागे रेंगाळणारी घुमक) नेमकं तेच काम करतात. इथे मागे काहीच नाही. स्वर संपला की संपला. तीन वाद्यं, एक आवाज, आणि मधली मोकळी जागा. पॅरीने आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या हेजेसने मॉर्गन स्टुडिओत ती जागा भरली नाही. रात्रीच्या वेळात, द जॅम या बँडचं सामान वापरून, भराभर रेकॉर्ड केलेला अल्बम आहे. भरायला वेळ नव्हता असंही म्हणता येईल. कारण काही असो, परिणाम रेकॉर्डवर आहे, आणि तोच तपासायचा.

‘१०:१५ सॅटर्डे नाइट’ घे. गाण्यात घडतं काय? शनिवारची रात्र, सव्वादहा, स्वयंपाकघर, नळ ठिबकतोय, फोन वाजत नाही. गिटार एकेक तुटक ठोका देते, हाय-हॅट बारीक टिकटिकते, आणि तू डोळे मिटून ऐकलंस तर थेंब कुठून पडतोय ते सांगता येत नाही: गिटारमधून, झांजेतून की शब्दांतून. स्मिथ ओढून-ताणून रडत नाही, कुणीतरी घड्याळ बघून वेळ सांगावी तसं म्हणतो. मग मध्येच ती गिटार चिरकते. हा एकल तुकडा सुरेल नाही, तो इतका वेळ दाबून धरलेला वैताग आहे. तो संपला की पुन्हा नळ. खर्ड्यात तू या गाण्याला ‘हळवं’ म्हटलं आहेस. हळवेपणाला ओलावा लागतो, आणि इथे ओला फक्त नळ आहे. ‘उदास’, ‘हळवं’, ‘विषण्ण’ हे शब्द जिथे-जिथे आलेत तिथे खूण कर आणि त्या जागी ती भावना कशातून तयार होते ते लिही: कुठलं वाद्य थांबलं, कुठला शब्द पुन्हा आला, किती सेकंद काहीच वाजलं नाही.

याच कानाने मग ‘अनदर डे’ आणि शीर्षकगीत ऐक. ही दोन संथ गाणी आहेत आणि बाकीच्या तुरुतुरु धावणाऱ्या गाण्यांमध्ये बसवल्यामुळे जास्त थंड वाटतात. शीर्षकगीत शेवटी मदत मागतं, पुन:पुन्हा, आणि उत्तर म्हणून येतो तो ‘वीडी बर्टन’चा टवाळ तुकडा. यादी करताना तो वगळू नकोस. माझ्या मते हा अल्बममधला सर्वांत क्रूर क्षण आहे.

‘सो व्हॉट’बद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, ही चूक आहे. त्यात स्मिथ साखरेच्या पुड्यावरची जाहिरात गातो, केकवर आयसिंग करायच्या संचाची. प्रेमभंगाच्या गाण्यात मध्येच हा मजकूर. शब्द सुचले नाहीत म्हणून पुडा वाचला, असं म्हणणारे बरेच आहेत. मला विचारशील तर दुःखात माणूस समोरच्या डब्यावरची अक्षरं वाचत बसतो, हे इतक्या थेट दुसऱ्या कुठल्या गाण्यात मी ऐकलेलं नाही. वेष्टनही याच जातीचं आहे: गुलाबी पार्श्वभूमीवर फ्रिज, उभा दिवा आणि व्हॅक्यूम क्लीनर. बँडचा फोटो नाही, गाण्यांची नावं नाहीत, नावांच्या जागी चित्रं. घरातल्या वस्तू आणि गायब माणसं. हे वेष्टन बँडच्या मनाविरुद्ध झालं, तरी ते अल्बमला चपखल बसतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

दुबळी गाणी लपवू नकोस. ‘फॉक्सी लेडी’ हे जिमी हेंड्रिक्सचं गाणं, इथे डेम्प्सीच्या आवाजात. ते अल्बममध्ये येऊ नये अशी स्मिथची इच्छा होती. ते वगळलं तर दुसरी बाजू ‘मीटहुक’ने उघडेल, पण तेही हलकंच आहे. ‘ऑब्जेक्ट’मधली टवाळी आज पसरट वाटते. ‘इट्स नॉट यू’ त्या काळी कुठल्याही बँडने वाजवलं असतं. प्रत्येकाला दोन वाक्यं पुरेत: काय फसलं आणि का. चार दुबळ्या गाण्यांची कबुली दिलीस की उरलेल्या गाण्यांबद्दलचा तुझा शब्द वाचक मानतील.

‘दुर्लक्षित’ हा शब्द वापरताना दुर्लक्ष कोणी केलं ते सांग. अल्बम इंग्लंडच्या यादीत ४४ व्या क्रमांकावर गेला. एनएमई या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकात पॉल मॉर्लेने त्याला झोडपलं, तर बँडने ‘ग्राइंडिंग हॉल्ट’च्या चालीवर त्या परीक्षणाची खिल्ली उडवणारे शब्द बसवून ते पीलच्या कार्यक्रमात गायलं. याला दुर्लक्ष म्हणत नाहीत. दुर्लक्ष पुढे झालं: अमेरिकेला वेगळीच तबकडी मिळाली, आणि गाण्यांची निवड आपल्या हातात नव्हती म्हणून स्मिथनेच या अल्बमपासून हात झटकले. त्याचं म्हणणं जरूर दे, पण ते अल्बम कसा बनला याचा पुरावा आहे. कसा ऐकू येतो, हे तो सांगू शकत नाही, ते तुझं काम.

‘किलिंग अ‍ॅन अरब’चा विषय निघेलच. ते आल्बेर काम्यू या फ्रेंच लेखकाच्या ‘द स्ट्रेंजर’ या कादंबरीवर आधारलेलं आहे आणि त्याच्या नावावरून पुढे बराच वाद झाला. पण ते या अल्बमवर नाही, तेव्हा अमेरिकन तबकडीच्या परिच्छेदात एक वाक्य पुरे.

२००४ च्या दुसऱ्या डिस्कवर ‘१०:१५’चा स्मिथने घरी केलेला डेमो आहे. तो सगळ्यात शेवटी ऐक, खर्डा पुन्हा लिहून झाल्यावर. आधी ऐकलास तर लेख डेमो आणि अंतिम रूपाच्या तुलनेत अडकेल. नंतर ऐकलास तर स्टुडिओत काय काढून टाकलं याची खात्री करून घेता येईल, आणि लागलंच तर एक-दोन वाक्यं बदलता येतील.

नवा खर्डा १२०० शब्दांत बसव. ‘डिसइंटिग्रेशन’चं नाव एकदाच येऊ दे, आणि तेही शेवटच्या परिच्छेदात नको. पाठवताना गाण्यांच्या वेळांची टिपणंही सोबत जोड, मला ती लेखाशी ताडून बघायची आहेत.

तुझा हितचिंतक