हाजीची अंगठी म्हणून विकतायत? आधी अक्षरं सुलटी की उलटी ते बघा

चांदीची अंगठी, तांबडा खडा, वर अरबी कोरीवकाम आणि दुकानदार म्हणतो, "दोनशे वर्षांपूर्वीच्या हाजीची आहे." घ्यावी का, हा तुमचा प्रश्न.

'हाजीची' हा शब्द सोडून द्या, तो किंमत वाढवायला असतो. हजला जाणाऱ्यांची अशी वेगळी अंगठी नसते. अकीक, म्हणजे हाच तांबडा खडा, सुन्नीही घालतात, पण शिया यात्रेकरूंमध्ये त्याचं महत्त्व फार. इराणमधलं मशहद, इराकमधलं नजफ आणि करबला इथे जियारतीला (पवित्र कबरींच्या दर्शनाला) जाणारे अकीक, नीशापूरचा पिरोजा किंवा नजफचा पाण्यासारखा स्वच्छ स्फटिक (दुर्र-ए-नजफ) घेऊन यायचे. खड्यावर 'नादे अली' (अलींना हाक मारणारी दुआ) किंवा पंजतनची, म्हणजे पैगंबर मुहम्मद, अली, फातिमा, हसन आणि हुसैन ही पाच नावं असतील तर अंगठी शिया घरातली समजा. आयतुल कुर्सी ही कुराणातली आयत मात्र दोन्हीकडे सापडते.

आता मुख्य गोष्ट. अक्षरं सरळ वाचता येत असतील तर ती दुआ आहे, अंगावर बाळगण्यासाठी कोरलेली. आरशात धरल्यावरच वाचता येत असतील तर ती मोहोर, म्हणजे कागदावर उमटवायचा शिक्का. तिच्यावर बहुधा मालकाचं नाव असतं, आणि नशीब असेल तर हिजरी सालही. १२५५ म्हणजे इ.स. १८३९-४०. साल सापडलं तर दुकानदाराच्या गोष्टीची गरजच उरत नाही.

खडा आणि अंगठी एकाच वयाचे धरू नका. जुना खडा नव्या चांदीत बसवणं सर्रास चालतं. कोंदणाची कड अक्षरांवर चढली असेल तर तो खडा मुळात या अंगठीसाठी कोरलेलाच नाही. चांदीचा काळेपणा गंधकाने तासाभरात आणता येतो, त्यावर जाऊ नका. कडी तळहाताच्या बाजूला झिजून पातळ झाली आहे का ते बघा. भिंगाखाली सगळ्या रेषा एकाच खोलीच्या आणि तळाशी पांढुरक्या दिसल्या तर काम यंत्राचं.

"लालभडक आहे म्हणजे येमेनचाच" हेही ऐकवतील. भरूचजवळच्या रतनपूरचा दगड खंभातचे कारागीर भाजून लाल करतात, आतलं लोह तापून रंग चढतो. हा माल शतकानुशतकं अरबस्तानात जात आलाय. निव्वळ रंगावरून मी तरी गाव सांगणार नाही.

सोन्याची 'हाजीची अंगठी' पुरुषाची म्हणून दाखवली तर सरळ उठा. इस्लाममध्ये पुरुषांना सोनं वर्ज्य आहे.

आणि अंगठी खरोखर शंभर वर्षांहून जुनी निघाली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ती पुरावस्तू ठरू शकते. मग परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवता येणार नाही.

खड्याची मागची बाजू आणि कडीचा आतला भाग, दोन्हींचे फोटो उजेडात काढून इथे पाठवा.