एझ्रा पाउंड फॅसिस्ट होता हे कळल्यावर त्याची कविता कशी वाचायची?

तुम्ही विचारलंय, पाउंड हा अमेरिकन कवी इटलीचा फॅसिस्ट हुकूमशहा मुसोलिनी याचा समर्थक होता, ज्यूंविरुद्ध रेडिओवरून बोलला, हे कळल्यापासून त्याची कविता वाचताना मन खातं. तर राजकारण बाजूला ठेवून नुसती कविता वाचता येते का?

नाही येत. माझं म्हणणं, तसा प्रयत्नही करू नका.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू, शाळेत मराठी. आजोबा हातमागावर विणायचे, वडील यंत्रमागावर. एम.ए.ला असताना पाउंडच्या 'कॅन्टोज' या दीर्घकाव्याचा पंचेचाळिसावा सर्ग वाचला. १९३७ च्या संग्रहातला हा सर्ग आहे आणि त्याचा विषय एकच, व्याजखोरी. ती आली की माणसाला चांगल्या दगडाचं घर मिळत नाही, पाव कागदासारखा कोरडा होतो, पाथरवट दगडाला मुकतो, विणकर मागाला. पुढे तो म्हणतो, ती मागावरचा धागा कुरतडते. तिथे मी पुस्तक मिटलं.

आमच्या घरी आजोबांची एक वही आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची. दर आठवड्याची मजुरी, खाली 'वजा व्याज', त्याखाली हातात उरलेले पैसे. मुद्दलाचा आकडा पानामागून पान तोच. मागावर धागा तुटला की आजोबा माग थांबवायचे, दोन्ही टोकं चिमटीत धरून, थुंकी लावून गाठ मारायचे, गाठ कापडात दिसू नये म्हणून बोटानं दाबायचे. इटलीत बसलेल्या एका अमेरिकन कवीला हे दुखणं इतकं नेमकं कसं कळलं, याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटलं होतं.

मग बाकीचं वाचलं. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, त्याचा शिल्पकार मित्र गोदिए-ब्रेझ्का मारला गेला. युद्धं कर्ज देणाऱ्यांच्या फायद्यासाठी होतात, ही गोष्ट पाउंडच्या डोक्यात पक्की बसली. यावर उपाय मुसोलिनी करील असं त्याला वाटलं. १९३३ मध्ये तो त्याला भेटून आला. आणि 'व्याज' या शब्दाच्या जागी हळूहळू 'ज्यू' येत गेला. बावन्नाव्या सर्गात तर प्रकाशकाला काही ओळींवर काळ्या पट्ट्या छापाव्या लागल्या. १९४१ ते १९४३ या काळात रोम रेडिओवरून त्यानं शंभरावर भाषणं केली, पैसे घेऊन. त्याच वर्षांत ज्यूंना गाड्यांत कोंबून मारायला नेलं जात होतं.

म्हणून म्हणतो, वेगळं काढता येत नाही. ज्या रागातून ती धाग्याची ओळ आली, त्याच रागातून ती भाषणंही आली. दुखणं खरं होतं, बोट मात्र भलतीकडे दाखवलं. हे मला पुस्तकातून नाही, आमच्या गल्लीतून कळलं. कर्जानं पिचलेली माणसं संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणायची, "ते लोकच तसले, त्यांची जातच तशी." प्रत्यक्षात आजोबांचा सावकार आमच्याच जातीचा, आमच्याच भाषेचा, माझ्या वडिलांच्या लग्नात पंगतीला जेवून गेलेला. वहीत त्याची सही आहे. ओट्यावर शिव्या मात्र दुसऱ्याच कुणाला पडायच्या.

काही जण म्हणतात, पाउंडची थोर कविता म्हणजे पिसाचे सर्ग, तिथे तो बदललाय. १९४५ मध्ये त्याला पकडून पिसाजवळच्या अमेरिकी लष्करी छावणीत ठेवलं होतं, पहिले सुमारे तीन आठवडे उघड्यावरच्या लोखंडी पिंजऱ्यात. तिथल्या सर्गांत मुंगी आहे, गांधीलमाशी आहे, आपला गर्व उतरव अशी विनवणी आहे. ते भाग मला आजही हलवतात. पण त्या मालिकेची सुरुवातच मुसोलिनीच्या मरणाच्या शोकानं होते, हे विसरून चालत नाही. १९४९ मध्ये याच पुस्तकाला बोलिंजन हे अमेरिकेतलं कवितेचं पारितोषिक मिळालं, तेव्हा पाउंड त्या रेडिओ-भाषणांवरून देशद्रोहाच्या आरोपाखाली वॉशिंग्टनच्या मनोरुग्णालयात होता. निवड समितीत टी. एस. एलियट, डब्ल्यू. एच. ऑडन यांच्यासारखे कवी होते. ज्यू कवी कार्ल शापिरो यांनी विरोधात मत दिलं. कवीच्या राजकारणानं कविताही नासते, असं त्यांचं म्हणणं होतं. मी त्यांच्या बाजूचा आहे, तरी पाउंड वाचतो.

आपल्याकडे हा प्रश्न नामदेव ढसाळांवरून निघतो: 'गोलपिठा' लिहिणारा कवी आणीबाणीच्या बाजूनं कसा उभा राहिला? विचारायलाच हवा. पण दोघांना एका पंक्तीला बसवू नका. ढसाळांनी एखाद्या वंशाचा द्वेष पसरवला नव्हता.

तुम्ही पंचेचाळिसावा सर्ग वाचा आणि त्याच आठवड्यात एखादं रेडिओ-भाषणही वाचा. मग त्याच्या निवडक गद्याच्या पुस्तकाची १९७२ ची छोटी प्रस्तावना वाचा, मरणाआधी चार महिन्यांची. व्याजाच्या बाबतीत आपण लक्षणालाच कारण समजलो, खरं कारण लोभ, असं तो तिथे कबूल करतो. आणि म्हणतो, एखाद्या समूहाबद्दल किंवा वंशाबद्दल बोलताना 'ते' हा शब्द फार जपून वापरावा. एवढंच. शंभरावर भाषणांनंतर एवढंच. मला ते पुरेसं वाटत नाही, पण 'ते' या शब्दावर बोट ठेवलं तेव्हा मला आमचा ओटाच आठवला.