मॅमिलेरिया निवडुंग हिरवागार आहे, दर दोन दिवसांनी पाणी घालते, तरी फुलं का येत नाहीत?

पाणी कमी करा आणि कुंडी घरात खिडकीशी असेल तर तिथून काढून उन्हात ठेवा. निरोगी मॅमिलेरियाचं फुलणं बहुतेक वेळा याच दोन गोष्टींवर अडतं. हा निवडुंग मुख्यतः मेक्सिकोचा. तिथल्या कोरड्या, थंड हिवाळ्यात त्याची वाढ थांबते आणि त्या विश्रांतीनंतर तो कळ्या धरतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळजवळ बंद ठेवा. अंग थोडं आकसेल, घाबरू नका. फेब्रुवारीपासून माती आतपर्यंत वाळली की मगच भरपूर पाणी घाला. शेंड्याभोवतीच्या गाठींच्या बेचक्यात, पांढऱ्या लोकरीतून गुलाबी ठिपके डोकावले की त्या कळ्याच. फुलं कड्यासारखी गोल येतात, फार देखणं दिसतं ते! उन्हाची सवय मात्र आठ-दहा दिवसांत हळूहळू लावा, एकदम नेलं तर साल भाजते आणि तो डाग कायमचा राहतो. पावसाळ्यात कुंडी छपराखाली हवी.

एक तपासून बघा: नर्सरीतून आणताना त्यावर फूल होतं आणि ते कित्येक आठवडे कोमेजलंच नाही, हाताला कागदासारखं लागत होतं, तर ते सुकवलेलं फूल वरून चिकटवलेलं होतं. तसं असेल तर रोप अजून फुलण्याच्या वयाचं नसूही शकतं.