बॅड रिलिजनचे अल्बम रँक करायला बसलायस तर

अरे लगेच टॉप टेन नको लावूस. १९८० पासूनचा अमेरिकन पंक रॉक बँड आहे, सगळं एकदम अंगावर येईल. १९८८ च्या 'सफर'पासून सुरू कर, मग 'नो कंट्रोल' आणि 'अगेन्स्ट द ग्रेन', तिन्ही सलग ऐक, गाणी बहुतेक दीड-दोन मिनिटांचीच आहेत त्यामुळे एका बैठकीत होतं आणि मागचे कोरस हेडफोनवर नीट कळतात. माझा नंबर वन 'नो कंट्रोल', यावर भांडायला तयार आहे. १९८३ चा कीबोर्डवाला 'इन्टू द अननोन' शेवटी ठेव (लोक उगाच शिव्या घालतात, तेवढा वाईट नाहीये). गिटारिस्ट गुरेविट्झ १९९४ ला बँड सोडून गेला, २००१ ला परत आला, त्या मधले अल्बम न ऐकताच खाली ढकलू नकोस. आणि गाण्यांची लिस्ट वेगळीच कर, सुमार अल्बममध्येपण एखादं जबरी गाणं निघतं.