वाचक विचारतात: ब्लॅकलिस्ट नंतर, आधी बिल अडवा

प्रश्न: माझी आई आमच्या महापालिकेत कंत्राटी सफाई कामगार आहे. पगार बँकेत जमा होतो पण दुसऱ्या दिवशी मुकादम एटीएमच्या बाहेर उभा राहून प्रत्येकीकडून तीन-तीन हजार कॅश परत घेतो, नाही दिले तर उद्यापासून येऊ नको. पीएफ स्लिपवर कापलेला दिसतो, पासबुकात मात्र आठ महिने एन्ट्रीच नाही. पालिकेत विचारलं तर म्हणतात ‘कॉन्ट्रॅक्टरला विचारा, आमचा काय संबंध’. आता नवीन टेंडरमध्ये हाच माणूस बायकोच्या नावाने फर्म काढून उतरलाय. याला ब्लॅकलिस्ट करता येत नाही का?
(एक वाचक, ठाणे जिल्हा)

उत्तर: करता येतं, पण नुसत्या ओरड्याने होत नाही. सुप्रीम कोर्टाने 1975 पासून सांगितलंय की म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय कोणाला काळ्या यादीत टाकता येत नाही, आणि 2014 मध्ये गोरखा सिक्युरिटीच्या केसमध्ये तर असं म्हटलं की नोटिशीतच ‘तुम्हाला ब्लॅकलिस्ट करायचा विचार आहे’ हे कळायला हवं. पालिका घाईत गुळमुळीत नोटीस काढते, कॉन्ट्रॅक्टर कोर्टात जातो, नोटीस उडते आणि साहेब पुन्हा टेंडर भरायला मोकळे. (कधीकधी नोटीस मुद्दामच तशी काढतात की काय अशी शंका येते, असो.)

म्हणून आधी कागद जमवा. आईच्या यूएएनवरून (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) पासबुक डाउनलोड करा, त्याच महिन्यांच्या स्लिपा शेजारी ठेवा आणि पीएफ ऑफिसला लेखी तक्रार द्या. कॅश परत घेण्याचा पुरावा अवघड असतो कारण बँकेत सगळं स्वच्छ दिसतं, पण पंधरा-वीस जणींच्या स्टेटमेंटमध्ये पगाराच्या दुसऱ्याच दिवशी तेवढीच रक्कम काढलेली दिसली तर ते बोलकं असतं. एकटीने जाऊ नका, युनियन गाठा, मगच लेबर ऑफिसमध्ये पगाराचा क्लेम टाका. तिथली ऑर्डर हातात आली की पालिकेला ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही.

आणि ‘आमचा काय संबंध’ हे साफ खोटं. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने, म्हणजे इथे पालिकेने, द्यायचा आणि त्याच्याकडून वसूल करायचा, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम 21(4) मध्येच होतं, नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या लेबर कोडमध्येही आहे. मुंबईत तर कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करायचा आदेश 2017 मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत टिकला, तेव्हा पालिकांनी संबंध नाकारू नये.

बायकोच्या नावाची फर्म हा जुना खेळ. बंदी फर्मच्या नावावर असेल तर ती दोन दिवसांत फुसकी होते, म्हणून मालक, पार्टनर, डायरेक्टर सगळ्यांच्या पॅनवर बंदी मागा. तूर्तास आयुक्तांना लेखी द्या की थकीत पीएफचं चलन (पैसे भरल्याची पावती) आणि त्यातली कामगारांच्या नावांची यादी आल्याशिवाय याचं पुढचं बिल काढू नये. बिल अडलं की कॉन्ट्रॅक्टर जेवढा पटकन भेटायला येतो तेवढा ब्लॅकलिस्टच्या नोटिशीने येत नाही.

प्रश्न: मी छोटा हाउसकीपिंग कॉन्ट्रॅक्टर आहे, मुलांना पूर्ण पगार देतो आणि म्हणूनच दरवेळी टेंडर हरतो. काय करू?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: बोली उघडण्याआधी जी प्री-बिड मीटिंग असते तिथे लेखी प्रश्न टाका. किमान वेतन आणि विशेष भत्ता, त्यावर मालकाचा पीएफ 13 टक्के (अ‍ॅडमिन वगैरे धरून), ईएसआय (कामगार विमा) 3.25, बोनस 8.33, एवढी बेरीज प्रत्येक कामगारामागे पालिकेनेच छापावी आणि त्याखालचा दर आपोआप बाद व्हावा, स्पर्धा फक्त सर्व्हिस चार्जवर. त्या बेरजेखाली जो दर भरतो तो फरक कोणाच्या खिशातून काढणार हे टेंडर क्लार्कलाही माहीत असतं. उत्तर लेखीच मागा, तोंडी ‘बघतो’ म्हणाले तर पुन्हा ईमेल करा, आणि दर उघडल्यावर बेरजेखालची बोली पास झाली तर त्याच ईमेलच्या जोरावर वर्क ऑर्डर निघायच्या आत हरकत घ्या.