.२२ पिस्तुलात रिकामी पुंगळी उभी अडकते, एक्स्ट्रॅक्टर बदलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्पर्धेचं .२२ सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल, मॅगझिन (काडतुसं भरायच्या पेट्या) दोन, साफसफाई वेळच्या वेळी. तरी दर दुसऱ्या मॅगझिनला, पहिल्या किंवा दुसऱ्या गोळीनंतर, काडतुसाची रिकामी पुंगळी स्लाइडच्या (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या) खिडकीत उभी चिमटून राहते. नवा एक्स्ट्रॅक्टर (पुंगळीची कडा पकडणारा छोटा आकडा) मागवलाय, बसवू का?

एवढ्यात नको. त्याची पुडीसुद्धा फोडू नका, परत करायची वेळ येईल.

‘दर दुसऱ्या मॅगझिनला’ हे तुम्ही सहज लिहून गेलात. पण मॅगझिन दोनच असतील आणि आलटून पालटून वापरत असाल, तर त्याचा अर्थ ‘एकाच मॅगझिनला’ असाही होतो. मी स्वतः हे ओळखायला दोन महिने घालवले. तेव्हा मीही आधी एक्स्ट्रॅक्टरच बदलला होता. पिन काढताना त्याची इवलीशी स्प्रिंग टणकन उडाली आणि अर्धा तास मी लोहचुंबक घेऊन फरशीवर रांगत होतो. नवा भाग बसला, दुसऱ्या दिवशी पिस्तूल पुन्हा तसंच अडकलं. शेवटी रेंजवरच्या एका जुन्या प्रशिक्षकांनी विचारलं, “कुठलं मॅगझिन होतं?” मला सांगता येईना. दोन्ही सारखीच दिसायची.

त्यांनी दोन्हींच्या तळाला नेलपॉलिशचे ठिपके लावायला सांगितले, एकाला एक, दुसऱ्याला दोन. तासाभरात निकाल लागला. सगळे जॅम दोन ठिपकेवाल्याचे. ते कधीतरी काँक्रीटवर पडलं होतं, हेही मग आठवलं.

मॅगझिनमुळे पुंगळी कशी अडकेल, असं वाटेल. त्यासाठी आत काय चालतं ते बघावं लागतं. .२२ च्या बहुतेक पिस्तुलांत पुंगळी चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतून) बाहेर काढायचं काम मुख्यतः वायूचा दाबच करतो. गोळी नळीतून पुढे जाते, तोच दाब पुंगळीला मागे रेटतो आणि पुंगळी स्लाइडला. एक्स्ट्रॅक्टरचा आकडा तिला फक्त धरून ठेवतो, ती इजेक्टरवर (आतल्या स्थिर टोकावर) आपटून बाजूला उडेपर्यंत. म्हणजे पुंगळी उभी चिमटली, तर ती चेंबरमधून निघाली होती, पण नीट उडाली नाही. स्लाइडला मागे जायला पुरेसा जोर मिळाला नाही, हा पहिला संशय. आकडा तिसरा-चौथा.

आता मॅगझिनचे ओठ, म्हणजे वरचं काडतूस धरून ठेवणाऱ्या कडा, जरा जरी फाकले, तर वरचं काडतूस असायला हवं त्यापेक्षा उंच बसतं आणि स्लाइडच्या पोटाला घासतं. .२२ च्या काडतुसात मुळात जोर बेताचाच, त्यातला थोडा इथे खर्ची पडतो. भरलेल्या मॅगझिनमध्ये स्प्रिंग सर्वांत दाबलेली असते, म्हणून पहिल्या-दुसऱ्या गोळीला घर्षण जास्त. शेवटच्या गोळीला खाली घासायला काडतूसच नसतं. तुमचं शेवटच्या गोळीला कधी अडकलंय का, ते आठवून बघा. अडकलेल्या पुंगळीखालचं काडतूस काढून त्याच्या पाठीवर लांबट चकचकीत ओरखडा दिसतो का, तेही पाहा. माझ्या काडतुसांवर तो होता. मी तो रोज पाहत होतो आणि पुसून टाकत होतो.

जॅम काढायची पद्धत तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगतो, कारण ‘रिकामी पुंगळी अडकली’ म्हटलं की माणूस निर्धास्त होतो. पुंगळी रिकामी असली तरी तिच्या खाली किंवा पुढे जिवंत काडतूस असू शकतं. तोंड लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर, आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून अडकवायची. चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि बोटाच्या टोकाने चाचपायचंही. चाप दाबूनही बार झाला नाही, तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं. आवाज नेहमीचा न येता नुसता ‘फुस्स’ आला, तर पुढची गोळी अजिबात झाडायची नाही. आधीची नळीत अडकलेली असू शकते, मागून दुसरी आली तर नळी फुगू किंवा फुटू शकते. आणि अडकलेल्या काडतुसाच्या कडेला स्क्रूड्रायव्हर लावू नका. .२२ मध्ये पेट घेणारं रसायन त्या कडेतच असतं. अर्धवट आत गेलेल्या काडतुसावर स्लाइड तळव्याने ठोकायची सवयही त्याच कारणासाठी सोडा.

तर करायचं असं. दोन्ही मॅगझिनना खूण करा आणि एक वही घ्या. प्रत्येक जॅमला चार गोष्टी लिहा: कुठलं मॅगझिन, कितवी गोळी, काडतुसांचा कुठला डबा, पुंगळी कशी अडकली. मग मॅगझिनमध्ये एकेकच काडतूस भरून दहा वेळा झाडा. एकेक असताना सगळ्या पुंगळ्या दूर उडाल्या आणि पाच भरल्यावर अडकल्या, तर मॅगझिनकडेच बोट दाखवायचं. एकेक असतानाही पुंगळ्या पायाशीच पडत असतील, तर गोष्ट वेगळी. मग दुसऱ्या, जरा जोरदार काडतुसांचा डबा आणून बघा, अर्थात पिस्तुलाच्या माहितीपुस्तिकेत चालतात असं लिहिलेलीच. पिस्तूल एखाद्या मुरलेल्या नेमबाजाच्या हातात देऊन बघा. मनगट ढिलं असलं की स्लाइडसोबत सगळं पिस्तूलच मागे जातं आणि स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, मलाही आवडलं नव्हतं.

मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे बसायला हवी. मागे राहिली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि वरचं पुढे सरकत नाही. तुमचा जॅम या प्रकारचा नाही, पण बघून ठेवा.

साफसफाई ‘नियमित’ म्हणजे काय, हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक जण नळी लख्ख करतात आणि चेंबर तसंच ठेवतात. .२२ च्या उघड्या शिशाच्या गोळीवर मेण किंवा ग्रीस असतं. ते, शिसं आणि काजळी मिळून चेंबरच्या पुढच्या टोकाला घट्ट कडं धरतं. तिथे सॉल्व्हंट लावून दहा मिनिटं थांबा, मग ब्राँझचा ब्रश फिरवा. एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली लाकडी टूथपिक घाला. तिथून निघणारा काळा चिखल पाहून नवा भाग का मागवला असं वाटण्याची बरीच शक्यता आहे. तेल स्लाइडच्या खाचांना थेंबभर पुरे. चेंबर आणि मॅगझिनच्या आतला भाग कोरडा ठेवा, नाहीतर काजळीची खळ तयार होते.

मॅगझिनच दोषी निघालं तर पक्कडीने ओठ दाबत बसू नका. मी दाबले होते. आधी काडतूस उंच बसायचं, नंतर सुटेनासं झालं. चांगल्या मॅगझिनशी कॅलिपरने ताडून बघितलं तर फरक अर्धा मिलिमीटरही नव्हता. एवढ्या फरकाला पक्कड म्हणजे घणच. सरळ नवं घ्या, आणि जुनं फेकणार नसाल तर त्यावर मोठी फुली मारा, नाहीतर सहा महिन्यांनी तेच परत खिशात येतं.

मॅगझिनही निर्दोष निघालं, काडतुसं बदलून झाली, तर टॉर्च घेऊन चेंबरची कडा तपासा. रिकाम्या .२२ चा चाप बराच दाबला गेला असेल, तर काही पिस्तुलांत फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) त्या कडेवर आदळून बारीक खळगा पडतो आणि धातूचा उंचवटा आत येतो. नख फिरवलं की अडतं, आणि प्रत्येक पुंगळीवर एकाच जागी उभी रेघ उमटते. हे काम परवानाधारक आर्मररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं. तो निमुळत्या दांड्याने धातू परत जागेवर दाबून घेतो. कानसेने घासलं तर चेंबर मोठं होतं आणि ते पुन्हा लहान करता येत नाही. एक्स्ट्रॅक्टरचा नंबर या सगळ्यानंतर, तोही मॅगझिन काढून, डमी (दारू नसलेलं) काडतूस हाताने चेंबरमध्ये घातल्यावर स्लाइड ओढली आणि आकड्याने ते बाहेर आणलं नाही तरच.

दोन-तीन सरावांची नोंद झाली की वहीतलं इथे लिहा. माझा अंदाज दोन ठिपक्यांचा आहे.